यजमान खान्देश, पाहुणा केसरी

कोल्हापूरकडे कुस्त्यांचे ‘मैदान’ भरते. आमच्या खान्देशात ‘दंगल’ होते. यात्रेच्या हस्तपत्रिकेवर, गावच्या फलकावर, ध्वनिक्षेपकावर ओरडणाऱ्या निवेदकाच्या तोंडी हाच शब्द असतो. मराठीत दंगल म्हणजे मारामारी, जाळपोळ, संचारबंदी. त्यामुळे पुण्या-मुंबईचा पाहुणा ‘उद्या गावात दंगल आहे’ हे वाक्य ऐकून क्षणभर दचकतो. शब्द उत्तरेकडचा आहे आणि तो इकडे रुळला यात नवल नाही. फारुकी सुलतानांच्या आणि पुढे मोगल सुभ्याच्या काळात खान्देशची राजधानी बऱ्हाणपूर होती. सातपुडा ओलांडला की होळकरांचे इंदूर, तिथले आखाडे, तिथले पैलवान. आमच्या यात्रांतून आजही बऱ्हाणपूर, इंदूर, मालेगावचे मल्ल हात वर करून आखाड्याला फेरी मारताना दिसतात. खान्देशच्या कुस्तीचा एक डोळा कोल्हापूरकडे आणि दुसरा माळव्याकडे लागलेला आहे. कदाचित त्यामुळेच ती या दोहोंपैकी कोणाच्याही इतिहासात नीटशी लिहिली गेली नाही.

आजचा थ्रेड त्या राहून गेलेल्या पानाविषयी आहे. मी इतिहासाचा वाचक आहे, पैलवान नाही. पाचवीत असताना नारळाच्या कुस्तीत पाठीवर पडलो, तेवढीच माझी कारकीर्द. बाकी आयुष्य आखाड्याच्या कडेला बसून गेले. तेव्हा हे एका प्रेक्षकाचे लेखन आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम दंगल कशी भरते ते पाहू. चैत्र-वैशाखात पिके निघालेली, नद्या आटलेल्या. अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा, धुळ्याला पांझरेच्या काठी एकवीरा देवीची यात्रा, आणि या दोन मोठ्या नावांच्या मध्ये गावोगावच्या शेकडो लहान यात्रा. आदल्या दिवशी तगतरावाची मिरवणूक किंवा बारागाड्या, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हे कलली की दंगल. खान्देशची काळी कपाशीची जमीन आखाड्याला चालत नाही. ओली झाली की चिकटते, वाळली की तिची ढेकळे होतात आणि ती दगडासारखी लागतात. म्हणून नदीचा गाळ किंवा बाहेरून आणलेली तांबडी माती चाळून अंथरावी लागते. तालमीतल्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरवतात. यात्रेच्या आखाड्याचे तेवढे लाड होत नाहीत. पाणी शिंपडले, ट्रॅक्टर फिरवला, चहूबाजूंनी माणसे बसली की आखाडा तयार.

पहिल्या कुस्त्या पोरांच्या. बक्षीस रेवड्या, बत्तासे, नारळ. मग भांडी येतात: तांब्या, पातेले, घागर. मग रोख रकमा, आणि दिवस बुडता बुडता शेवटची, मानाची कुस्ती. जोड लावण्याची पद्धत अशी की पैलवान लंगोट लावून, अंगाला माती चोळून आखाड्याभोवती फिरतो. समोरून कोणी हात दिला की पंच दोघांना शेजारी उभे करून उंची, छाती, मांड्या नजरेने मोजतात. वजनकाटा नसतो. जोड विषम वाटली की प्रेक्षकच आधी ओरडतात. सलामी झाली की ढोल चढतो. मध्येच निवेदक कुस्ती विसरून देणगीदारांची नावे वाचू लागतो. माझ्या अनुभवात बऱ्याच कुस्त्या त्या यादीपेक्षा लवकर संपतात.

या चित्रात एक उणीव आहे आणि आमच्या प्रांताचे सारे दुखणे त्या उणिवेत आहे. यात्रा वर्षातून एकदा येते. पैलवानाला रोज खावे लागते.

पश्चिम महाराष्ट्रात कुस्ती वाढली ती संस्थानांच्या जोरावर. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात तालमींना आश्रय दिला, खासबागेचे मैदान बांधून घेतले. ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. सांगली, मिरज, औंध अशी संस्थाने आसपास होतीच. पैलवानाचे दूध, तूप, बदाम दरबारच्या खर्चात धरलेले असत. संस्थाने विलीन झाल्यावर त्या भागात सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि त्यांतील काहींनी मल्लांना मानधन देण्याची व मोठी मैदाने भरवण्याची प्रथा उचलली. म्हणजे राजा गेला तरी खुराक टिकला.

खान्देशाला असा राजा नव्हता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हा मुलूख थेट इंग्रजी अमलाखाली गेला. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. एकाचे ठाणे जळगाव, दुसऱ्याचे धुळे. कलेक्टरच्या अंदाजपत्रकात बदामाचा रकाना असण्याचे कारण नव्हते. राहिला कापसाचा व्यापारी, गावचा पाटील आणि यात्रेची वर्गणी. कापूस पिकला त्या वर्षी घागरी मोठ्या, नाही पिकला त्या वर्षी नारळावर भागवा. कोल्हापूरच्या पोराला तालमीत बारा महिने जेवण होते. आमच्या पोराला एका दुपारची टाळी होती. खान्देशात ताकदीचा तुटवडा होता असे मला कधीही वाटले नाही. तुटवडा होता तो आश्रयाचा.

ताकदीवरून एक प्रसंग आठवतो, थोडा विषयांतराचा. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. ध्वजारोहणाच्या वेळी झेंडा उंच खांबावर अर्ध्यातच अडकला आणि दोरी ओढून काही उपयोग होईना. तेव्हा शिरपूरकडचा एक तरुण, किसनसिंग राजपूत, त्या खांबावर चढून गेला आणि त्याने झेंडा मोकळा केला. ज्यांनी कधी निसरड्या खांबावर वा मल्लखांबावर चढण्याचा प्रयत्न केला असेल त्यांना त्या चढण्याची किंमत कळेल. इतिहासाच्या पुस्तकात हा प्रसंग देशभक्तीच्या प्रकरणात येतो, आणि ते योग्यच आहे; पण ते शरीर कुठेतरी कमावलेले असणार, एवढे मनात आल्याशिवाय राहत नाही.

आता मुख्य कथेकडे. १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६१ मध्ये परिषदेच्या अधिवेशनात ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब प्रथम दिला गेला. पहिली स्पर्धा औरंगाबादला. मानकरी दिनकर दह्यारी. दुसरी, १९६२ ची, धुळ्याला. मानकरी भगवान मोरे.

पुढल्या काही वर्षांची गावे ओळीने वाचून पाहा: सातारा, अमरावती, नाशिक, जळगाव, खामगाव, अलिबाग, लातूर. नऊ वर्षांत मराठवाडा, खान्देश, देश, विदर्भ, कोकण असा सगळा फेरा पुरा झालेला दिसतो. नवे राज्य नकाशावर जोडले गेले होते. माणसे अजून जोडायची होती. नागपूर-अमरावतीकडच्या मनात शंका होत्या, मराठवाडा निजामाच्या आठवणीतून नुकताच बाहेर आलेला होता, खान्देशाला आपण महाराष्ट्राच्या कडेला पडलो असे वाटत होते. अशा वेळी एक किताब दरवर्षी नव्या गावी जातो आणि त्या त्या गावचे लोक ‘महाराष्ट्र’ हा शब्द एका जिवंत माणसाच्या नावापुढे लागलेला पाहतात. राज्यनिर्मितीच्या इतिहासात भाषणे, आयोग आणि करार यांची पाने बरीच आहेत; या फिरत्या आखाड्याला मात्र तळटीपही क्वचितच मिळते. मला ती चूक वाटते. १९६७ ला खामगावात आणि १९६८ ला अलिबागेत सीमाभागातल्या बेळगावकडचे चंबा मुतनाळ जिंकले. सीमाप्रश्न पेटलेला असताना बेळगावकडचा गडी ‘महाराष्ट्र केसरी’ म्हणवला जातो, याचा अर्थ त्या प्रेक्षकांना समजावून सांगावा लागला नसेल.

धुळ्याच्या स्पर्धेला माझे आजोबा गेले होते. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. आमचे गाव चाळीसगाव तालुक्यात, गिरणेच्या अंगाला. गावातून बैलगाडीने चाळीसगाव आणि तिथून धुळ्याची गाडी. हा फाटा १९०० पासूनचा आहे. पश्चिम खान्देश हे नाव जाऊन ‘धुळे जिल्हा’ होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि आबा शेवटपर्यंत ‘पश्चिम खान्देशच’ म्हणत राहिले. त्यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टीत डावपेच फारसे नसत. त्यांना आठवत असे ते पैलवानांचे अंग. ‘असले खांदे आपल्याकडे फक्त बैलाला असतात,’ असे ते म्हणत. आणि मग, दर वेळी, एकच प्रश्न: ‘आपला का नाही?’

१९६६ मध्ये स्पर्धा जळगावला आली. या वेळचे मानकरी दीनानाथ सिंह, उत्तर प्रदेशातून येऊन कोल्हापूरच्या मातीत घडलेले मल्ल. पुढे १९७१ मध्ये ते हिंदकेसरी झाले. आज कोण मूळचा आणि कोण बाहेरचा यावरून समाजमाध्यमांवर चालणारे वाद वाचताना मला हे नाव नेहमी आठवते. महाराष्ट्र राज्य सहा वर्षांचे होते, आणि त्याचा केसरी गंगेकाठचा होता. जळगावकरांनी तो आपलाच मानला.

एक गैरसमज येथे दूर करतो. धुळ्यात आणि जळगावात ‘गदा दिली गेली’ असे पुष्कळ ठिकाणी सहज लिहिले जाते. विजेत्याला मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ चांदीची गदा देण्याची प्रथा ऐंशीच्या दशकातली आहे. खांद्यावर गदा घेतलेला केसरी ही जी प्रतिमा आपल्या डोळ्यांपुढे येते, ती त्या पिढीने पाहिलेली नव्हती.

मग १९७७. स्पर्धा चाळीसगावला. आमच्या तालुक्याच्या गावी! चाळीसगावची ओळख तोवर रेल्वेचे जंक्शन, पाटणादेवीचे जंगल, त्या परिसराशी जोडलेले भास्कराचार्यांचे नाव आणि स्टेशनजवळच्या घरात स्वतःला मिटून घेतलेले छायाचित्रकार केकी मूस अशी होती. आता राज्यभरचे मल्ल त्या फलाटावर उतरणार होते. माझे वडील तेव्हा विशीत होते. आम्ही त्यांना नाना म्हणतो. त्यांनी घरून निघताना पिशवीत एक नारळ घेतला; निकाल लागला की आखाड्याच्या कडेला फोडायचा, असा बेत.

विजेत्यांच्या यादीत १९७७ समोर एकच शब्द आहे: अनिर्णित.

आजच्या वाचकाला हा शब्द विचित्र वाटेल. सामना आहे, दोन मल्ल आहेत, मग निकाल कसा नाही? पण जुन्या कुस्तीचा न्याय निराळा होता. दोन्ही खांदे मातीला लागले, आभाळ दिसले, तर कुस्ती झाली. गुण, मिनिटे, इशारे ही पुढची व्यवस्था. दोन तुल्यबळ मल्ल एकमेकांना बगल न देता तास तास झुंजत आणि पंच अखेर ती बरोबरीत सोडवत. यादीत अशी रिकामी वर्षे आणखीही आहेत. चाळीसगाव एकटे नाही. तरी ज्याच्या अंगणात ती रिकामी जागा पडली त्याला हे सांगून उपयोग नसतो. नाना रात्री घरी आले ते नारळासकट. आजीने तो देवघरात ठेवला. सुकून खडखडू लागला तेव्हा केव्हातरी त्याचे खोबरे झाले, पण घरात ‘सत्त्याहत्तरचा नारळ’ हा वाक्प्रचार होऊन बसला. कचेरीत अडकलेला सातबारा, ठरता ठरता मोडलेले लग्न, बोर्डाचा राखून ठेवलेला निकाल, सगळे सत्त्याहत्तरचे नारळ.

मधली वर्षे भराभर सांगतो, कारण आमच्या बाजूने सांगण्यासारखे थोडेच आहे. स्पर्धा राज्यभर फिरत राहिली. कुस्ती मातीवरून गादीवर येऊ लागली. आता माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात किताबाची शेवटची लढत होते, आणि ती गादीवर होते. यात्रेच्या आखाड्यात वाढलेल्या पोराला ही गादी परकी. माती पाय धरून ठेवते, गादी पाय सोडते. मातीत दम पाहिला जातो, गादीवर वेग. ज्याला गादी, प्रशिक्षक आणि बारमाही खुराक हवा त्याने घर सोडावे, हाच मार्ग उरला. खान्देशातून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस जळगाव, चाळीसगाव, मनमाड, दौंड करीत पुण्याला पोहोचते. लोखंडी पेटी, तुपाचा डबा आणि भाकरीचे गाठोडे घेऊन त्या गाडीत चढलेली पोरे मी चाळीसगावच्या फलाटावर कितीदा पाहिली आहेत. बहुतेक दोन-तीन वर्षांनी परत येत. कोणी पोलिसात भरती होई, कोणी रिक्षा घेई, आणि यात्रेच्या दिवशी पंच म्हणून पांढरे कपडे घालून आखाड्यात उभा राही.

त्याच वाटेने पुण्याला गेलेला एक मुलगा चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा. विजय चौधरी. २०१४ ची स्पर्धा अहमदनगरला झाली आणि तो महाराष्ट्र केसरी झाला. जळगाव जिल्ह्याला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. धुळ्याच्या आखाड्यापासून मोजले तर बावन्न वर्षे. आबा त्याच्या आधीच गेले होते. पुढची स्पर्धा नागपूरला, पुन्हा विजय. सलग दोनदा जिंकलेले मल्ल यादीत आधीही होते, पण तीन किताब तोवर एकट्या नरसिंग यादवच्या नावावर होते: २०११, २०१२, २०१३. तेव्हा २०१६ ची स्पर्धा पुण्यात वारजे येथे जाहीर झाली, आणि मी ठरवले की ही घरी बसून ऐकायची नाही.

डिसेंबर २०१६. नोटाबंदीला महिना झालेला. खिशात जुन्या नोटा चालेनात, नव्या मिळेनात. गाडीच्या डब्यात चहावाला सुट्या पैशांवरून सगळ्यांशी वाद घालत होता. आमच्या डब्यात जळगाव-पाचोऱ्याकडून बसलेली दहा-बारा मंडळी निघाली, सगळी त्याच कामाला चाललेली. ओळख नव्हती, मनमाड यायच्या आत सगळे अहिराणीत बोलू लागले. एकाने कळण्याच्या भाकरी आणि ठेचा काढला. पुण्याच्या थंडीत आम्ही भल्या पहाटे उतरलो.

अंतिम लढत अभिजित कटकेशी. तो पुण्याचा. म्हणजे मैदान त्याचे, माणसे त्याची, आरोळ्या त्याच्या. (पुढच्याच वर्षी भूगावला तो केसरी झाला, मल्ल तोलाचा होता यात शंका नाही.) आम्ही कुठल्याशा कोपऱ्यात, उंच माणसांच्या मागे. गुणफलक मला नीट दिसत नव्हता. दिसत होती ती फक्त दोन डोकी एकमेकांना टेकलेली आणि मध्येच एक हात झटकन खाली गेलेला. आयुष्यभर पडदी-चित पाहिलेल्या माणसाला गुणांची कुस्ती कळायला वेळ लागतो. टाळ्या आधी वाजतात आणि आपण शेजाऱ्याला विचारतो, काय झाले. शेवटी पंचांनी हात वर केला तेव्हा तो कोणाचा हे मला आमच्या कोपऱ्यातल्या आरडाओरड्यावरून समजले. एक वयस्क गृहस्थ, जामनेरकडचे, डोक्यावरची टोपी हातात घेऊन नुसते उभे होते. त्यांना मी विचारले, ‘दादा, बरे वाटते ना?’ ते म्हणाले, ‘थांब जरा.’

सलग तिसरा किताब. पुढे शासनाने विजय चौधरीला पोलीस उपअधीक्षक केले आणि २०२३ मध्ये कॅनडात विनिपेगला जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवले. हे सारे वृत्तपत्रांत आले आहे, त्यावर अधिक लिहीत नाही. त्या यशाचा पाया पुण्यातल्या तालमीत घातला गेला, खान्देशात नव्हे, हे मात्र लिहायलाच हवे. आमच्या आनंदात ही गोष्ट झाकली जाते. आमच्याच गावची व्यायामशाळा त्या वर्षी बंद होती; दाराला कुलूप आणि आत यात्रेच्या मंडपाचे बांबू. माणूस आमचा, माती दुसऱ्याची, आणि मिरवणूक पुन्हा आमची. आबांच्या ‘आपला का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे म्हणताना माझी जीभ थोडी अडखळते.

त्या रात्री वारज्यातून नानांना फोन लावला. बराच वेळ लाइन मिळेना. मिळाली तेव्हा पलीकडून पहिला शब्द आला, ‘काय व्हयनं?’ म्हटले, जिंकला. ‘चीत केला का गुणांवर?’ गुणांवर, मी सांगितले. ते थोडे गप्प राहिले. त्यांच्या हिशेबी गुणांवरची कुस्ती अजूनही पुरती कुस्ती नव्हती. मग फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, आईला काहीतरी विचारल्याचा, आणि पायरीवर नारळ आपटल्याचा. दोनदा. पहिल्या फटक्यात फुटला नसावा.

गेल्या चैत्रात गावच्या दंगलीला गेलो होतो. शेवटच्या कुस्तीला बऱ्हाणपूरचा एक आणि धुळ्याचा एक असे दोन पोरगे लागले. दिवस बुडाला तरी कोणी पडेना. गाड्यांचे दिवे आखाड्यावर धरले. अखेर पंचांनी दोघांचे हात वर केले आणि बक्षीस निम्मे निम्मे वाटले. प्रेक्षकांत कोणी कुरकुर केली नाही.

वाचकहो, १९६२ चे धुळे, १९६६ चे जळगाव किंवा १९७७ चे चाळीसगाव यांपैकी कोणत्याही स्पर्धेचे तिकीट, हस्तपत्रिका, छायाचित्र आपल्या घरच्या पेटीत जपलेले असेल तर या थ्रेडखाली जरूर जोडा. मागच्या बाजूला काही लिहिलेले असेल तर तेही.